कंपायलर बदलला, मराठीचे काय?

जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोडची जोड देणे ही संगणकतज्ज्ञांपुरती बाब मानली जाते. मराठीपुरते हे खरे नाही. प्रोग्राम नव्याने बांधून घेतला म्हणून त्यात साठलेली वीस-पंचवीस वर्षांची माहिती आपोआप मराठी होत नाही. ती मराठी दिसत होती, पण मराठी नव्हतीच.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. त्यानंतर लहानमोठ्या कार्यालयांत नवे संगणक येऊ लागले. मोठ्या कंपन्यांना अशा स्थित्यंतराची सवय असते. खरी अडचण होते ती पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, आडत्यांच्या पेढ्या, दवाखाने, छापखाने आणि सार्वजनिक वाचनालये यांची. त्यांचा कारभार अजूनही अशा प्रोग्रामांवर चालतो की जे १९९८ ते २००८ या दशकात गावातल्या किंवा शेजारच्या शहरातल्या एखाद्या होतकरू प्रोग्रामरने डेल्फी, व्हिज्युअल बेसिक किंवा फॉक्सप्रो वापरून लिहून दिले होते. ‘विंडोज ११’ची ३२ बिटी आवृत्ती नाही. ३२ बिटी प्रोग्राम त्यावर चालतात, पण त्याहून जुने १६ बिटी प्रोग्राम चालत नाहीत, आणि कित्येकदा मूळ प्रोग्राम ३२ बिटी असला तरी तो बसवण्याची सीडी १६ बिटी निघते. मग त्या प्रोग्रामरचा शोध सुरू होतो. तो सापडलाच तर बहुधा एकच सल्ला देतो: ‘सगळे नव्या कंपायलरवर नेऊ या. त्यात युनिकोड आहे. मराठी एकदाची खरी मराठी होईल.’

या सल्ल्यातला पहिला भाग योग्य आहे. शेवटचे वाक्य मात्र तपासून घ्यावे असे आहे.

उदाहरणादाखल डेल्फीकडे पाहू. बोर्लंड कंपनीने फेब्रुवारी १९९५ मध्ये डेल्फी बाजारात आणले. टर्बो पास्कलचे जनक अँडर्स हाईल्सबर्ग हेच त्याचेही शिल्पकार. पुढे १९९६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टकडे गेले, पण त्यांनी रचलेला पाया इतका पक्का होता की २००२ साली आलेली सातवी आवृत्ती आजही अनेकांच्या संगणकावर टिकून आहे. छोटा, वेगवान आणि एकाच फाईलमध्ये मावणारा प्रोग्राम तयार करण्यात ‘डेल्फी ७’चा हात धरणारे त्या काळी फारसे कोणी नव्हते. तिच्यानंतरच्या आवृत्त्यांपैकी काहींचा कल मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटकडे होता आणि त्या जुन्या ग्राहकांना फारशा रुचल्या नाहीत. परिणामी पुष्कळ मंडळी सातवरच थांबली.

या सातव्या आवृत्तीत मजकूर म्हणजे बाइटांची रांग असे सरळ समीकरण होते. एक बाइट म्हणजे एक अक्षर, आणि बाइटच्या किमती २५६. त्यातल्या पहिल्या १२८ जागा इंग्रजीच्या. उरलेल्या १२८ जागांत कोणती लिपी बसवायची हे विंडोजची ‘कोड पेज’ ठरवत असे. रशियनसाठी १२५१, ग्रीकसाठी १२५३, अरबीसाठी १२५६, थाईसाठी ८७४ अशी ही पेजेस होती. पश्चिम युरोपची आणि आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवरची १२५२. जपानी आणि चिनी लिपींसाठी दोन-दोन बाइटांची खास सोय होती. देवनागरीसाठी मात्र असे कोड पेज मायक्रोसॉफ्टने कधी दिलेच नाही. हिंदी आणि मराठी ‘विंडोज २०००’मध्ये आल्या त्या थेट युनिकोडच्या दाराने. ‘एक्सपी’मध्ये तर त्यासाठी एका चौकटीवर खूण करून मूळ सीडी घालावी लागे, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

याचा अर्थ असा की रशियन किंवा ग्रीक प्रोग्रामरला ‘डेल्फी ७’मध्ये आपली भाषा कामचलाऊ का होईना वापरता येत होती. मराठी प्रोग्रामरला तेही शक्य नव्हते. डेल्फीच्या साध्या चौकटीत मराठी टंकले की प्रश्नचिन्हांची माळ उमटे. व्हिज्युअल बेसिक ६ची गंमत तर याहून विचित्र. त्या भाषेच्या पोटात मजकूर युनिकोडमध्येच असे, पण पडद्यावरच्या चौकटी जुन्या पद्धतीच्या. त्यामुळे आत मराठी, बाहेर प्रश्नचिन्हे.

या कोंडीतून वाट काढली ती फॉण्टांनी. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवायचे, इतकी ही साधी युक्ती. कृतिदेव फॉण्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर संगणकाच्या स्मृतीत काय साठते? छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी आणि छोटा एच. संगणकाच्या लेखी तो एक निरर्थक इंग्रजी शब्द. फॉण्टचा चष्मा चढवला तरच ‘मराठी’, एरवी नाही. शिवाय प्रत्येक चष्मा निराळा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, कृतिदेव, शिवाजी यांच्या संकेतरचना एकमेकींशी जुळत नाहीत. मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांनाही एकेकाळी आपापला फॉण्ट उतरवून घ्या म्हणून वाचकांची मनधरणी करावी लागे.

यातला उपरोध असा की याआधी, डॉसच्या जमान्यात, परिस्थिती तत्त्वतः बरी होती. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्र मजकूर ‘इस्की’ या भारतीय संकेतावलीत साठवत असे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. इस्कीत उच्चाराचा क्रम जपलेला असतो. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’, मग ऱ्हस्व इकार. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतली. म्हणून १९९२ साली जिस्ट कार्डावर भरलेली यादी आज युनिकोडमध्ये आणणे हे तुलनेने सरळ काम आहे. २००२ साली विंडोजवर फॉण्टमध्ये भरलेली यादी आणणे हे मात्र डोकेदुखीचे. खिडक्यांचा सुबक पडदा आला आणि आपण अक्षरे साठवणे सोडून चित्रे साठवू लागलो. त्या वेळी त्याचा खेद कोणाला वाटला नाही, कारण कागदावर उमटलेली पावती सुंदर दिसत होती.

डेल्फीचा कंपायलर बदलला तो ऑगस्ट २००८ मध्ये. त्याच वर्षी बोर्लंडने आपला हा विभाग एम्बार्केडेरोला विकला होता. नव्या मालकाच्या नावाने आलेल्या ‘डेल्फी २००९’ने एक धाडसी निर्णय घेतला. ‘स्ट्रिंग’ या शब्दाचा अर्थच बदलला. कालपर्यंत स्ट्रिंग म्हणजे एकेका बाइटची रांग होती. आता ती दोन-दोन बाइटांच्या युनिकोड अक्षरांची रांग झाली. पडद्यावरच्या सगळ्या चौकटी, याद्या, तक्ते एका फटक्यात युनिकोड झाले. जुनी पद्धत हवी असेल तर ‘अ‍ॅन्सीस्ट्रिंग’ असे स्पष्ट लिहा, पण संपूर्ण प्रोग्राम जुन्या पद्धतीने बांधून देणारी कळ मिळणार नाही, असे कंपनीने ठरवले.

या निर्णयावर तेव्हा पुष्कळ नाराजी व्यक्त झाली. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसने अशी कळ वर्षानुवर्षे ठेवली होती. प्रोग्राम जुन्या पद्धतीने बांधायचा की युनिकोडने, हे निर्मात्याने ठरवायचे, आणि २००५च्या आवृत्तीपासून नव्या प्रकल्पांत युनिकोडची निवड आधीच केलेली असे. हा मार्ग सोयीचा खरा, पण सोयीचा असल्यामुळेच कित्येकांनी ती कळ कधी हलवली नाही. दुसऱ्या टोकाला पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीचे उदाहरण आहे. सर्वत्र युनिकोड आणण्याचा तिचा घाट २०१० मध्ये सोडून द्यावा लागला. पायथॉनने डिसेंबर २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आणून जुन्याशी फारकत घेतली. त्या घरातल्या दोन चुली एक व्हायला १ जानेवारी २०२० उजाडले. या पार्श्वभूमीवर डेल्फीचा निर्णय प्रस्तुत लेखकाला योग्यच वाटतो. कळ ठेवली असती तर जोडकाम पुरवणाऱ्या शेकडो लहान उत्पादकांना प्रत्येक वस्तू दोनदा घडवावी आणि दोनदा तपासावी लागली असती. मात्र योग्य निर्णयाचीही किंमत असते, आणि ती कोणी चुकवायची हे निर्णय घेणारा ठरवत नाही.

ही किंमत नेमकी कुठे पडते? जिथे प्रोग्रामरने ‘एक अक्षर म्हणजे एक बाइट’ असे गृहीत धरून काम उरकले होते, तिथे. तीस अक्षरांचा मजकूर फाईलमध्ये लिहिताना त्याने ‘तीस बाइट लिही’ अशी आज्ञा दिलेली असते. नव्या कंपायलरमध्ये मजकूर साठ बाइटांचा झालेला असतो, आज्ञा मात्र तीसचीच. अर्धा मजकूर गळतो. एखाद्या नोंदीचा आराखडा ‘तीस अक्षरांची जागा’ असा आखला असेल तर तो आता दुप्पट लांबीचा होतो आणि जुनी फाईल वाचताना पहिल्या खातेदाराच्या नावात दुसऱ्याचा पत्ता शिरतो. परवलीचे शब्द गुप्त स्वरूपात साठवणारी घरगुती सूत्रे बाइटांवर चालतात. ती निराळे उत्तर देऊ लागतात आणि सोमवारी सकाळी रोखपालाला प्रोग्राम आत घेत नाही.

या चुका त्रासदायक असल्या तरी त्यांच्यात एक सद्गुण आहे. त्या लगेच दिसतात. त्याहून घातक ठरते ती गप्प बसणारी चूक. नव्या डेल्फीत मजकुराची यादी फाईलमध्ये साठवण्याची जी साधी आज्ञा आहे, ती वेगळे काही सांगितले नाही तर विंडोजवर जुन्याच कोड पेजने साठवते. म्हणजे पडद्यावर स्वच्छ मराठी, साठवताना कोणतीही तक्रार नाही, आणि दुसऱ्या दिवशी फाईल उघडावी तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या. कोणते अक्षर होते याचा मागमूसही उरलेला नसतो. अशा ठिकाणी संकेतावली यूटीएफ-८ आहे हे प्रत्येक वेळी बजावून सांगावे लागते. कंपायलर स्वतःहून कित्येक ठिकाणी इशारा देतो की हे रूपांतर करताना मजकूर गहाळ होऊ शकतो. जुना प्रोग्राम पहिल्यांदा बांधताना असे इशारे शेकड्यांनी येतात आणि घाईत असलेला प्रोग्रामर ते इशारे दाखवणेच बंद करून टाकतो. ग्राहकाने एकच प्रश्न विचारायचा झाला तर तो हाच विचारावा: इशारे संपवले, की लपवले?

इथवरच्या गोष्टी जगातल्या कोणत्याही भाषेला लागू आहेत. मराठीचा खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. जर्मन किंवा रशियन कार्यालयाने ‘डेल्फी ७’हून नव्या आवृत्तीकडे जाताना प्रोग्राम दुरुस्त केला की त्याची जुनी माहिती कोड पेजच्या तक्त्यावरून बिनबोभाट युनिकोडमध्ये येते. तक्ता ठरलेला, अक्षर ठरलेले. आपल्याकडच्या माहितीचे कोड पेज काय? संगणक म्हणणार, १२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय. तो प्रामाणिकपणे त्या बाइटांचे युनिकोडमध्ये रूपांतर करतो, आणि छोट्या ई-जेचे युनिकोडमधले छोटे ई-जे होतात. खातेदार श्री. अमुक हे आता अस्सल युनिकोडमध्ये निरर्थक इंग्रजी अक्षरे होऊन बसतात. फॉण्टचा चष्मा तसाच ठेवला तर पडद्यावर नाव दिसतेही, आणि प्रोग्रामर ‘झाले बघा’ म्हणून बिल पाठवतो.

हेही नेहमी धड होत नाही. फॉण्ट बनवणाऱ्यांनी जोडाक्षरे आणि अर्धी अक्षरे बसवण्यासाठी १२८च्या पुढच्या जागा भरपूर वापरल्या होत्या. त्यांपैकी १२८ ते १५९ या जागांचे युनिकोडमध्ये भलतेच क्रमांक होतात. १२८व्या जागी १२५२मध्ये युरोचे चिन्ह असल्यामुळे त्या बाइटचा नवा क्रमांक थेट ८३६४ होतो. ‘१२८ क्रमांक आला की अर्धा अमुक काढ’ असे सांगणारे जुने रूपांतराचे सूत्र तिथे आंधळे होते. त्यातच संगणकाची मूळ भाषा कोणी बदलली, किंवा ‘विंडोज १०’मध्ये २०१८ पासून आलेली ‘सर्वत्र यूटीएफ-८ वापरा’ ही प्रायोगिक खूण उत्साहाने केली, तर तेच बाइट आणखी तिसऱ्याच पद्धतीने वाचले जातात. मूळ बाइट जपून न ठेवता ही रूपांतरे एकावर एक होत गेली, तर मागे फिरण्याची वाट बंद होते.

रुपयाच्या चिन्हाची कथा या सगळ्या प्रकाराचे छोटे रूप म्हणता येईल. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी ₹ हे चिन्ह स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली. १२५२ या कोड पेजमध्ये पौंड आहे, येन आहे, युरो आहे, रुपया नाही. त्यामुळे ‘डेल्फी ७’मधल्या हिशेबाच्या प्रोग्रामला आपल्याच देशाच्या चलनाचे चिन्ह छापता येईना. लोकांनी काय केले? पुन्हा फॉण्टचीच युक्ती. कळफलकावर आकडा एकच्या डावीकडे जे उलटे स्वल्पविरामासारखे चिन्ह असते त्याच्या जागी रुपयाचे चित्र बसवलेले फॉण्ट त्या महिन्यांत भराभर पसरले. त्या काळातली बिले आज उघडली तर रकमेआधी तो एकटा तिरका फराटा दिसतो.

एका उपनगरातल्या पतसंस्थेचे स्थित्यंतर प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिले. नाव देण्याचे कारण नाही, कारण जे तिथे घडले ते कुठेही घडेल. नवा प्रोग्राम आला, पडदा मराठी झाला, सचिवांनी पेढे वाटले. आठवड्याभरात एक वयस्कर सभासद मुदत ठेव मोडायला आले. त्यांचे नाव यादीत सापडेना. खिडकीवरच्या मुलीने नाव युनिकोडमध्ये टंकले होते, यादीत ते जुन्या फॉण्टच्या चित्रांत होते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसत होती. खाते क्रमांकाने शोधल्यावर ठेव मिळाली, पण तोवर त्या गृहस्थांचा जीव टांगणीला लागला होता. गेल्या काही वर्षांत सहकारी पतसंस्थांबद्दल जे काही छापून येते, ते वाचणाऱ्या माणसाला ‘तुमचे नाव यादीत नाही’ हे वाक्य कसे ऐकू येत असेल?

तेव्हा रूपांतर करायचे ते प्रोग्रामचे नव्हे, नोंदींचे. आणि ते वाटते तितके यांत्रिक नाही. फॉण्टमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी साठलेला असतो, कारण तो दिसतो आधी. तो उचलून अक्षरामागे न्यावा लागतो, आणि पुढे जोडाक्षर असेल तर सबंध जोडाक्षर ओलांडून. रफार उलट. तो शेवटी साठलेला असतो आणि आणावा लागतो सुरुवातीला. एवढे काम चांगला प्रोग्रामर दोन दिवसांत करील. पण टंकलेखकांच्या हातच्या लकबींचे काय? ‘ओ’ लिहायचा तर कोणी ‘अ’ला काना-मात्रा देई, कोणी ‘आ’वर मात्रा चढवी. कागदावर दोन्हींचा ‘ओ’च दिसे. ‘ख’ची कळ आठवली नाही तर ‘र’ला ‘व’ चिकटवून वेळ मारून नेली जाई. चित्रांच्या राज्यात ते चालून गेले. अक्षरांच्या राज्यात ‘रवडकी’ नावाचे गाव महाराष्ट्रात नाही.

सर्वांत अवघड म्हणजे मजकूर कोणत्या फॉण्टमध्ये आहे ही माहिती मजकुरात नसते. ती बाहेर, पडद्याच्या चौकटीच्या गुणधर्मांत असते. पत्त्याच्या रकान्यात कोणी इमारतीचे नाव इंग्रजीत लिहिले असेल, कोणी ई-मेल पत्ता भरला असेल, तर रूपांतराचा प्रोग्राम त्याचेही इमानेइतबारे मराठी करून टाकतो. एखाद्या संस्थेने मधल्या काळात श्रीलिपीहून कृतिदेवकडे मोर्चा वळवला असेल, तर एकाच रकान्यात दोन संकेतरचना नांदत असतात आणि त्यांची सीमारेषा तारखेवरूनच अजमावावी लागते. म्हणून अशा कामात शेवटी माणूस लागतो. नावे वाचणारा, गावे ओळखणारा, ‘हे आडनाव आमच्याकडे नाही’ असे सांगू शकणारा माणूस. नव्या प्रोग्रामच्या अंदाजपत्रकात या माणसाच्या पगाराची ओळ सहसा नसते.

युनिकोडमध्ये पोहोचल्यावरही मराठीला स्वतःच्या काही गाठी सोडवाव्या लागतात. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक शाळेत शिकवला जातो. त्या दुसऱ्या शब्दातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘अॅ’चेही तसेच. मराठी पद्धतीच्या, अ-वर चंद्रकोर असलेल्या अक्षराला युनिकोडने स्वतंत्र क्रमांक दिला तो २००८च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधीचा मजकूर ‘अ’ आणि चंद्रकोर असे दोन तुकडे जोडून लिहिलेला, तर काही ठिकाणी हिंदी धाटणीचा ‘ऍ’ वापरलेला. एकाच ‘अॅड.’ उपाधीचे तीन वकील संगणकाला तीन निरनिराळ्या जागी दिसतात. यातले कोणते रूप ठेवायचे हे आधी ठरवून सगळी नोंद त्यात आणावी लागते, नाहीतर शोध आणि अकारविल्हे दोन्ही फसतात. ही निवड कोणताही कंपायलर करून देत नाही.

आणखी एक बाब लांबीची. ‘महाराष्ट्र’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ते दहा संकेत आहेत. डेल्फीच्या नव्या स्ट्रिंगमध्ये त्यांना वीस बाइट लागतात आणि यूटीएफ-८मध्ये तीस, कारण तिथे देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. आता ज्या माहितीकोशात नावासाठी ‘तीस’ अशी जागा आखून ठेवली आहे आणि ते तीस बाइटांत मोजले जातात, तिथे ‘महाराष्ट्र’ कसेबसे मावते आणि पुढचे ‘बँक’ बाहेर राहते. ओरॅकलसारख्या नामांकित माहितीकोशातही लांबी मुळात बाइटांत मोजली जाते, अक्षरांत हवी असेल तर तसे सांगावे लागते. डेल्फीच्या जुन्या कार्यक्रमांत ज्या ‘बीडीई’ या जोडणीतून पॅरॅडॉक्स किंवा डीबेसच्या फाईली वाचल्या जात, तिला तर युनिकोडची ओळखच नाही. म्हणजे प्रोग्रामबरोबर माहितीकोशही बदलणे आले. ‘फक्त कंपायलर बदलू’ असे सांगून सुरू झालेले काम इथवर येते तेव्हा खर्चाचा आकडा मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेलेला असतो, आणि संचालक मंडळाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. फसवणूक बहुधा नसते. प्रोग्रामरने स्वतःही हिशेब केलेला नसतो.

सरकारी पातळीवर केंद्राने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून जाहीर केले. ते आवश्यकच होते. पण प्रमाण लागू होते ते नव्या कामाला. खासगी आणि सहकारी संस्थांच्या कपाटांत जुन्या फॉण्टांत बंदिस्त होऊन पडलेल्या मराठीचा वाली कोण, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा ताम्रपट आणि हस्तलिखितांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. शिलालेख वाचता येतो, कारण तो ज्या लिपीत आहे ती लिपी जाणणारे आहेत. २००३ सालच्या एखाद्या वाचनालयाची ग्रंथसूची वाचता येईलच याची मात्र खात्री नाही.

यात काही करता येण्याजोगे नक्कीच आहे, आणि ते फार खर्चिकही नाही. जुन्या फॉण्टांचे संकेततक्ते त्या-त्या निर्मात्यांनी खुले केले तर प्रत्येक प्रोग्रामरला ते पडद्याकडे बघून नव्याने अजमावावे लागणार नाहीत. प्रचलित फॉण्टांपैकी अनेकांची विक्री थांबूनही वर्षे लोटली आहेत, तेव्हा व्यापारी गुपिताचा मुद्दा आता फारसा उरत नाही. भाषेच्या नावाने चालणाऱ्या शासकीय संस्थांना हे तक्ते एकत्र करून प्रसिद्ध करणे अशक्य नाही. सहकार खात्याने पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात ‘सभासद यादी युनिकोडमध्ये आहे काय’ एवढा एक रकाना वाढवला तरी अनेक सचिव जागे होतील.

संस्थांनीही कामाचा क्रम नीट लावावा. आधी माहिती, मग प्रोग्राम. रूपांतर करताना जुना रकाना पुसू नये. मूळ बाइट जसेच्या तसे एका रकान्यात राहू द्यावेत आणि युनिकोड मजकूर शेजारच्या नव्या रकान्यात उतरवावा, म्हणजे वर्षभराने एखादे नाव चुकलेले आढळले तर मुळाकडे परत जाता येते. दोन्ही प्रोग्राम काही महिने शेजारी-शेजारी चालवावेत. सभासदांची नावे रूपांतरानंतर कागदावर छापून त्यांना स्वतःला तपासायला द्यावीत. आधार कार्डावर स्वतःचे नाव मराठीत छापलेले असल्यामुळे ताडून पाहायला आज पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. आणि जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी त्यातली फॉण्टांची फाईल आठवणीने उतरवून घ्यावी, कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या रकान्याला कोणता फॉण्ट लावलेला होता हे एका कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद संस्थेच्या कपाटात ठेवावा. ज्यांना हे तोंडपाठ आहे ते लिपिक आता निवृत्तीला आले आहेत.